हे घालून जायचं कुठे?

मावशी, मी सांगलीची, वय 26. फॅशन डिझाइनचा डिप्लोमा केलाय, घरी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. 2019 च्या पुरात आमच्या घरात पाणी आलं. आजीची लोखंडी ट्रंक आठ दिवस पाण्याखाली होती. साड्या धुतल्या, वाळवल्या, पण गंजाचे आणि गाळाचे डाग गेले नाहीत. पुढच्या वर्षी आजीही गेली. आता त्यातल्या अकरा साड्या आणि आजोबांची घोंगडी घेऊन मी एक पोशाख केलाय. पाठीवर घोंगडी, पुढे साड्यांच्या पट्ट्यांचे थर, आत हळदीने रंगवलेलं मांजरपाटाचं अस्तर. डाग मुद्दाम दर्शनी ठेवले. पाच महिने लागले, वजन साडेसात किलो भरलं. एका प्रदर्शनात मांडला तर लोकांनी फोटो काढले आणि प्रत्येकाने एकच विचारलं, "हे घालून जायचं कुठे?" आई म्हणते, सासूबाईंच्या साड्यांचं वाटोळं केलंस. मुंबईच्या एका बाईंनी चार हजारांत मागितलाय. त्यात अस्तराचा पिवळा रंग उडाला, आणि धुवायला गेले तर काखेपाशी लाल झालं. मी करते ती फॅशन, कला की नुसतं वेड? ब्लाउज बंद करून हेच करावं का?
– गाळातली, सांगली

गाळातली,

टोपणनाव झकास निवडलंस. तुझे फोटो मी मोबाइलवर ताणून ताणून पाहिले, शेवटी शेजारच्या मुलाकडून मोठ्या स्क्रीनवर लावून घेतले. घोंगडीचा काठ मानेपाशी दुमडून तू जी उभी कॉलर काढली आहेस, ती मला फार आवडली. पुढच्या थरांबद्दल इतकं बरं बोलणार नाही. त्यांच्याकडे येतेच.

फॅशन, कला की वेड, हा प्रश्न आधी बाजूला सारू. त्याचं उत्तर मिळालं तरी उद्या सकाळी कात्री कुठे लावायची ते तुला कळणार नाही. प्रदर्शनातल्या लोकांनी विचारलेला प्रश्न मात्र लाखमोलाचा होता आणि तू तो टोमणा समजून सोडून दिलास. निम्म्यांनी कुचेष्टेनेच विचारलं असणार, आपली माणसं मला माहीत आहेत. तरी प्रश्न खराच. हे घालून जायचं कुठे?

माझ्या लहानपणी साताऱ्यात आमच्या गल्लीत पोतराज यायचा. उघडं अंग, कपाळभर हळदकुंकू, पायात घुंगरू, हातात आसूड, आणि कमरेला खणांच्या नि लुगड्यांच्या तुकड्यांचा घेर. एका पट्टीचा रंग दुसरीशी जुळायचा नाही. तो उभा असला की त्या पट्ट्या मरगळून लोंबत असत, काही म्हणता काही वाटायचं नाही. मग हलगीच्या तालावर त्याने गिरकी घेतली की सगळ्या पट्ट्या आडव्या होऊन भिंगरीसारख्या फिरायच्या, आसूड फुटायचा आणि आम्ही पोरं आईच्या पदरामागे. तू केलंस त्यापेक्षा तो वेश कितीतरी विचित्र होता. पण हे घालून कुठे निघालास, असं त्याला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. तो घेर गिरकीसाठीच शिवलेला होता.

इरलंही बघ. पाटण-जावळीकडे भातलावणीला बायका ते डोक्यावरून पाठीवर घ्यायच्या. बांबूच्या काड्यांचा सांगाडा, वर पानांचा थर. उभ्या बाईवर ते कासवाच्या पाठीसारखं बेढब दिसतं. ती चिखलात वाकली की मात्र अगदी बेतून शिवल्यासारखं बसतं, कारण ते वाकलेल्या पाठीच्याच मापाचं आहे. आणि तुझ्या आजोबांची घोंगडी? पावसात तिचं एक टोक आत दुमडून डोक्यावर खोळ घ्यायची, बाकीची घोंगडी पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत. एकही शिवण नाही, एकही काज नाही. मेंढरांमागे दिवसभर भिजत चालणाऱ्याचा तो पोशाख.

तुझ्या पोशाखाचे फोटो मी याच नजरेने पाहिले. सातही फोटो पुतळ्यावरचे आहेत. पत्रात काय काय लिहिलंयस, वजन, महिने, साड्यांची संख्या. मी तो घातला, असं मात्र कुठेच नाही. घातला नाहीस ना?

मग आधी घाल. घरातच घाल. खुर्चीवर बस, जिना चढ, हात वर करून फळीवरचा डबा काढ, दाराच्या चौकटीतून आडवी हो. अर्धा तास अंगावर राहू दे. मग उतरव आणि आरशात बघ, कातडी कुठे लाल झाली आहे. त्या खुणा ही तुझी दुरुस्तीची यादी.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, तोंडावर आपटून शिकले आहे. ऐन तिशीत एका हौशी नाटकासाठी मी गोणपाटाचा एक भला मोठा झगा केला होता. वर सुतळीच्या वेण्या, कवड्या, खांद्यावर पुठ्ठा घालून उभे केलेले पंख. तालमीआधी टेबलावर पसरला तेव्हा सगळे माझं कौतुक करून थकले. प्रयोगाच्या दिवशी, मे महिन्यात, पहिला अंक संपला आणि आमच्या राजाने विंगेत येऊन तो झगा काढून कोपऱ्यात फेकला. त्याच्या मानेवर चट्टे उठले होते. दुसरा अंक त्याने बंडीवर केला आणि प्रेक्षकांना काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही, हे माझ्या जास्त जिव्हारी लागलं. झगा नंतर एकाने कणगीवर झाकायला नेला.

तू डिप्लोमाला हुसेन शलायन हे नाव ऐकलं असशील. 1993 मध्ये लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्समधून बाहेर पडताना त्याने शेवटच्या वर्षाच्या कामासाठी कपडे लोखंडाच्या किसासह बागेत पुरून ठेवले आणि गंजून, कुजून आलेले वर काढले. ब्राउन्स या लंडनच्या नावाजलेल्या दुकानाने ते घेऊन खिडकीत मांडले. आणि तुमची कृष्णा? आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 च्या वर गेलं. शलायनने मुद्दाम केलं ते तुमच्या ट्रंकेत न मागता झालं. इथे मी जरा कडू बोलते. गंज आणि गाळ ही नदीची करणी. लोक फोटो काढत होते ते बहुतेक डागांचे, कारण पूर त्यांनीही भोगलाय. तुझं काम डागांनंतर सुरू होतं, आणि पुढच्या थरांमध्ये मला ते दिसत नाही. अकरा साड्यांच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या एकाखाली एक लावल्या आहेत. कुठली सुती, कुठली रेशमी, कुठली जॉर्जेट, काही फरकच केलेला नाही. ती दुकानातली मांडणी झाली.

रेई कावाकुबो या जपानी बाईंचं काम आठव. 1997 च्या एका संग्रहात त्यांनी ताणल्या जाणाऱ्या चौकड्याच्या कापडात पाठीवर, कमरेवर, पोटावर गाद्या भरल्या. कुबड असावं तसे फुगवटे. पाहणाऱ्यांनी नाकं मुरडली. त्याच वर्षी मर्स कनिंगहॅम या अमेरिकन नृत्यदिग्दर्शकाने तशाच फुगवट्यांचे पोशाख आपल्या नर्तकांना घातले. शरीराचा तोल बदलला, दोघं जवळ आले की मधे गादी, बाहूंना नेहमीची वाट मिळेना. नाच वेगळा झाला. फुगवटे रस्त्यावर जेवढे खुळचट वाटले असते तेवढे त्या रंगमंचावर वाटत नाहीत. तिथे त्यांना काम होतं.

आणखी एक उदाहरण, कारण ते लहान गावातलं आहे. न्यूझीलंडमध्ये नेल्सनजवळ सूझी मॉनक्रिफ नावाच्या शिल्पकार बाईंना गावाकडच्या एका कलादालनाकडे माणसं वळवायची होती. 1987 मध्ये त्यांनी कला भिंतीवरून उतरवून माणसांच्या अंगावर चढवली आणि तंबूत कार्यक्रम केला. पुढे ती स्पर्धाच झाली, वर्ल्ड ऑफ वेअरेबलआर्ट. 2005 पासून ती वेलिंग्टनला भरते. तिथे लाकूड, धातू, लोकर, कशाचाही पोशाख चालतो. तो जिवंत माणसाच्या अंगावर रंगमंचावर चालला-फिरला पाहिजे, एवढी मात्र अट. तू पुढेमागे स्पर्धांच्या मागे लागलीस तर हे आधी लक्षात ठेव.

भिंतीचाही रस्ता आहे. मृणालिनी मुखर्जी (1949–2015) यांनी दोरखंडाच्या गाठी मारून माणसाहून मोठ्या आकृती उभ्या केल्या. त्या कुणी अंगात घालायच्या नव्हत्या, म्हणून मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या जागेचा, प्रश्नच आला नाही. तुलाही तो रस्ता घेता येईल. पण मग बाह्या, काखा, अस्तर हा खटाटोप कशाला? तू बाह्या काढल्यास त्या अर्थी तुला आत माणूस हवा आहे.

आता सांगलीत माणूस कुठे मिळेल हे मी साताऱ्यात बसून तुला सांगायला हवं का? 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक केलं ते तुझ्या गावात. बालगंधर्वांचं नागठाणं तुझ्याच जिल्ह्यात. ते रंगमंचावर शालू जसा नेसायचे, तसा नेसायचा म्हणून घरंदाज बायका बारकाईने बघायच्या. तुमच्याकडे एकांकिका करणाऱ्या कॉलेजच्या पोरांचे गट आहेत, नृत्याचे क्लास आहेत. एखाद्या नर्तकीला किंवा नटीला गाठ. तिला पोशाख दाखवू नकोस, आधी विचार की पुराच्या आठ दिवसांवर दहा मिनिटांचं काही करशील का. तिच्या हालचाली बघ, मग पोशाख उसव. पट्ट्या जड आहेत म्हणून ती गुडघ्यावर बसली तर साडेसात किलोला अर्थ येतो. पाण्यातून चालणाऱ्या बाईची साडी पायात अडकते, तशी अडकू दे. पण पडू देऊ नकोस.

मोडतोड कशी करायची ते सांगते.

वजन आधी. तुझा सगळा भार खांद्यांवर टांगलेला आहे. नऊवारी दिवसभर अंगावर राहते कारण तिचा भार कमरेला आहे. ट्रेकची सॅकही अजिंक्यताऱ्यावर चढवता येते ती कमरेच्या पट्ट्यामुळे. आतून एक घट्ट चोळी कर, तिला कमरेपाशी खाटेची नवार दुहेरी लावून पट्टा शिव, आणि पुढचे थर खांद्याऐवजी त्या पट्ट्यावर घे. खांद्यावर फक्त घोंगडी राहू दे. तिला मानेच्या मागे एक आणि खांद्यांवर दोन असे बंद लावून चोळीलाच अडकव, म्हणजे ती मागे ओढणार नाही. कॉलरच्या आत मलमलीची पट्टी हवीच. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, मानेला टोचणारच. घोंगडी ताठ राहते ती ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावलेल्या चिंचोक्याच्या खळीमुळे. ती धुवून मऊ करू नकोस, नाहीतर माझी आवडती कॉलर बसेल. उन्हात टाक, झटक, कडुलिंबाचा पाला घालून ठेव. लोकरीला कसर लागली की कलाबिला काही बघत नाही. पुढे आणखी घोंगडी लागली तर म्हसवडकडे चौकशी कर, पण आजोबांच्या घोंगडीवर पुन्हा कात्री नको.

मग साड्या वेगळ्या कर. कुठली कशाची हे कळत नसेल तर काठाचा एकेक धागा चिमट्यात धरून जाळ. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख भुरभुरते, रेशमाला केस जळाल्याचा वास, पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो.

सुती साड्यांवर जिथे गंज आहे तिथे कापड उजेडासमोर धरून बघ. लोखंडामुळे सुती धागा वर्षागणिक कमजोर होत जातो, आज डाग आहे तिथे काही वर्षांनी भोक पडेल. अशा पट्ट्या मोकळ्या लोंबत्या ठेवायच्या नाहीत. खाली मलमल घालून वर दाट धावदोरा घाल. तुमच्याकडेही वाकळच म्हणतात ना? तीच वाकळ. जुनं, विरलेलं लुगडं थरावर थर घालून टाके मारले की आणखी पंधरा वर्षं काढतं, हे तुझ्या आजीला डिप्लोम्याशिवाय येत होतं. रेशमी साड्या घडीवर चिरत असतील तर त्यांनाही असाच आधार दे.

पॉलिस्टरच्या साड्यांना उष्णता दे. इस्से मियाके यांनी 1993 मध्ये चुण्यांच्या कपड्यांची जी मालिका काढली, तिच्यात कपडा हव्या त्या मापाच्या अडीच-तीन पट मोठा शिवायचे आणि शिवून झाल्यावर उष्ण दाबाखाली चुण्या घालायचे. पॉलिस्टर उष्णतेत घेतलेली घडी लक्षात ठेवतं. तुला प्रेस नको. पट्टी दोन कार्डपेपरमध्ये घालून पंख्यासारखी दुमड, सुतळीने आवळ, मोदकपात्रात अर्धा-पाऊण तास वाफव, आणि पूर्ण गार होईपर्यंत सोडू नकोस. कारखान्यातल्याइतक्या धारदार चुण्या पडणार नाहीत, पण पोतराजाच्या घेरासारखी उसळी येईल. सुती पट्टीवर हा प्रयोग करून वेळ घालवू नकोस, पहिल्या दमट हवेत ती सपाट होईल. आणि मोदकपात्र वेगळं ठेव, गणपतीला तेच काढू नकोस.

अकराही साड्या लागणार नाहीत. माझ्या मते सहा पुरतील.

रंगाबद्दल तू एवढी हवालदिल झालीस याचं मला जरा नवल वाटलं. सांगलीच्या हळदपेठेच्या गावची तू! हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. लग्नात अंगावर सांडलेल्या हळदीचा डाग काढायला तुझी आई काय करते? उन्हात टाकते. प्रदर्शनाच्या हॉलला मोठ्या खिडक्या असतील, तेवढं ऊन पुरलं. आणि लाल झालं ते साबणामुळे. हळद आणि क्षार भेटले की लाल होतं. पारंपरिक कुंकू हळदीचंच असायचं, तेही टाकणखाराच्या जोरावर. म्हणजे तुझ्या काखेपाशी साबणाने जे केलं ते कुंकवाच्या कारखान्यात मुद्दाम करतात.

टिकाऊ पिवळा हवा असेल तर आटपाडीच्या डाळिंबांची साल घे. कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढ, मग सालीच्या काढ्यात शिजव. हळदीसारखा झगझगीत होणार नाही, जरा मातकट पिवळा येईल, तो तुझ्या गाळाला शोभेल. गंजाचे डाग काळे करायचे असतील तर हिरड्याच्या पाण्यात बुडव. हिरडा आणि लोखंड मिळून करडा-काळा होतो. कलमकारीवाले आणि अजरखवाले काळ्यासाठी गंजकं लोखंड नि गूळ पाण्यात आंबवतात. लोखंड आणि गूळ दोन्ही तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळेल. मात्र हा काळाही धाग्याला हळूहळू खातो, म्हणून आजीच्या साड्यांवर बेतानेच. प्रयोग करायचे ते नव्या मांजरपाटावर.

नव्या सामानाचं म्हणशील तर इचलकरंजी तुझ्यापासून तासाभरावर आहे. 1904 पासून तिथे यंत्रमाग आहेत. शटल नसलेल्या नव्या मागांवर कापडाच्या कडेची झालरीसारखी पट्टी कापून बाजूला पडते, रद्दी म्हणून किलोवर जाते. पन्नास किलो आण आणि त्यावर हात साफ कर. डीकेटीईसारखी वस्त्रोद्योगाची संस्थाही 1982 पासून तिथेच आहे. धागा, ताण, पीळ यांची शंका असेल तर तिथे विचारणारी मुलगी त्यांना नवीन नाही.

आता आई.

तिला तू काय उत्तर दिलंस ते लिहिलेलं नाहीस, पण माझा अंदाज आहे. "साड्या खराबच झाल्या होत्या." बरोबर ना? खरं आहे ते, पण तिच्या दुखण्याला लागू नाही. आपल्याकडे साडी कापणं हा गुन्हा कधीच नव्हता. लुगडं विरलं की त्याची वाकळ, वाकळीतून उरलं त्याचं दुपटं, मग पोतेरं, आणि शेवटी समईची वात. तुझी आई स्वतः हे करत आली असेल. वात होईपर्यंत प्रत्येक पायरीवर घरातली मोठी बाई ठरवायची की आता हिचं काय करायचं. त्या ट्रंकेची मोठी बाई आता तुझी आई आहे आणि तिला न विचारता अकरा साड्या गेल्या. सासू गेल्यावर सासूच्या साड्यांवर सुनेचा काय हक्क असतो हे तुला अजून कळायचंय. तीस वर्षं ज्या पदराशी तिचं पटलं-न पटलं, तो पदर तुझ्या मशीनखाली गेलेला तिने पाहिला.

म्हणून त्या उरलेल्या पाच साड्या उसवून, वाफ देऊन, घडी घालून तिच्या हाती दे. निवड तिला करू दे. आणि वाकळीचे टाके तिच्याकडून घालून घे. तू मशीनवर वाढलेली, तुझा धावदोरा फोटोतही वाकडा दिसतोय. ती टाके घालताना साड्यांबद्दल बोलेल. कुठली कुणाच्या बारशाला घेतली, कुठली भांडणानंतर आली. ते लिहून ठेव. पुराच्या डागांच्या मागे काय होतं, हे अजून तुझ्या पोशाखात आलेलंच नाही.

चार हजारांचं सांगते. रोज दोनच तास धरले तरी पाच महिन्यांचे तीनशे तास होतात. तासाला तेरा रुपये पडले. अस्तराचं मांजरपाट आणि दोरा त्यातच. विकू नकोस, आणि नुसत्या पैशांचा सवाल नाही, अजून तो पुरा झालेला नाही. त्या बाईंना फोटोशूटसाठी हवा असेल तर भाड्याने दे. अनामत घे, किती दिवस, कोण घालणार, ओला झाला तर काय, हे कागदावर लिहून घे, आणि फोटोखाली तुझं नाव आलंच पाहिजे ही अट घाल. नाव द्यायला कां कूं करणारा माणूस अनामत परत घेतानाही घोळ घालतो, हा माझा अनुभव. नाव कुणाचं घेत नाही.

ब्लाउज बंद करू नकोस. पोटापाण्याचा विचार आहेच, पण त्याहून मोठं कारण आहे. आठवड्याला पंधरा बायकांच्या अंगाला टेप लावणारीला जे कळतं ते चित्र काढणाऱ्याला कळत नाही. एक खांदा उतरलेला असतो, बाळंतपणानंतर माप कसं बदलतं, मुंढा अर्ध्या इंचाने तोकडा पडला की बाई दिवसभर हात वर करत नाही. उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं, कापड कुठे ताणतं आणि कुठे दगा देतं. तुझ्या पोशाखात हे सगळं ज्ञान कुठे हरवलं? ब्लाउज शिवताना तू गिऱ्हाइकाला एकदा घालून बघायला लावतेस, आणि हा शिवताना कुणालाच घातला नाहीस. लग्नसराई संपली की आषाढात हात मोकळा असतो. तेवढे आठवडे याला दे, ते खूप झाले. श्रावणापासून पुन्हा ब्लाउजांचे ढीग येतीलच.

फोटो पुन्हा पाठवशील तेव्हा पुतळ्यावरचे नकोत.

काखेपाशी झालेला लाल डाग लिंबाच्या पाण्याने पुसलास की परत पिवळा होईल. पण पुसायच्या आधी तो आईला दाखव.